शॉर्टकट आपला, शब्द पूर्ण

टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून आपण 'धन्स', 'शुरा' असलं काहीतरी लिहितो आणि मग ग्रुपमधलं कोणीतरी शुद्धलेखनाचे धडे द्यायला येतंच (येणारच ते). त्यापेक्षा फोनलाच शिकवून ठेवा, आपण शॉर्टकट टाइप करायचा आणि पूर्ण शब्द त्याने लिहायचे.

१. अँड्रॉइडवर जीबोर्डच्या (म्हणजे गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी, तिथे मराठी निवडून अधिकचं चिन्ह दाबा. आयफोनमध्ये सेटिंग, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट.

२. वर 'शुभ रात्री' लिहा, खाली शॉर्टकट 'शुरा'.

आता 'शुरा' टाइप केलं की जीबोर्ड वरच्या पट्टीत पूर्ण शब्द दाखवतो त्यावर टॅप करायचं, आयफोनवर स्पेस दिली की आपोआप बदलतो.

फक्त खरा शब्द शॉर्टकट म्हणून ठेवू नका, मी 'मन' ठेवलेलं आणि मेसेज गेला 'मनापासून धन्यवाद लागत नाहीये'.