कॅरिबियन बेटांवर टॅक्सी की भाड्याची गाडी? या चुका टाळा

कॅरिबियनची ट्रिप ठरली की फ्लाइट आणि रिसॉर्टवर घरात महिनाभर खल होतो, पण तिथे फिरायचं कशाने हे बहुतेक लोक शेवटच्या आठवड्यात उरकतात, आणि तेही एका फटक्यात, म्हणजे एकतर सातही दिवस गाडी नाहीतर सातही दिवस टॅक्सी. सगळी गडबड इथेच होते. हे दिवसागणिक ठरवायचं असतं. उतरायच्या दिवशी टॅक्सी, मधले दोन-तीन दिवस स्वतःच्या हातात गाडी, संध्याकाळी परत टॅक्सी किंवा तिथली मिनीबस, असं मिसळून घेतलं तर पैसेही वाचतात आणि डोक्याला तापही होत नाही. अमेरिकेतून थँक्सगिव्हिंगला जाणारी आपली मंडळी आणि इंडियातून क्रिकेट बघायला जाणारे, दोघांच्या चुका जरा वेगळ्या असतात, दोन्ही सांगतो.

उतरल्या उतरल्या गाडी ताब्यात घेणं

सेंट लुसिया घ्या. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ४३ किलोमीटर, त्यामुळे नकाशात बघून वाटतं अर्ध्या तासात हॉटेलवर पोचू. पण तिथे एअरपोर्ट दोन आहेत. लांबची मोठी विमानं हेवानोराला उतरतात, ते दक्षिण टोकाला व्यू फोर गावाजवळ, आणि बरीच हॉटेलं उत्तरेला रॉडनी बेच्या बाजूला, जिथे जवळच डॅरेन सॅमी स्टेडियम आहे. मधे डोंगर आडवा, रस्ता पूर्व किनाऱ्याने डेनरीपर्यंत जाऊन मग घाट चढतो, त्यामुळे साधारण दीड तास लागतो. आदल्या रात्रीची झोप नाही, मागे पोरं कुरकुरतायत, संध्याकाळी सहा-साडेसहाला अंधार पडतो आणि रस्त्याला दिवे सगळीकडे नाहीत, अशा वेळी अनोळखी गाडी चालवायचा हट्ट कशाला? या टप्प्याला टॅक्सीचे साधारण ८० ते १०० अमेरिकन डॉलर पडतात, गाडीमागे, चार जणांत वाटले तर काहीच नाही. हॉटेललाच सांगून ठेवा, ड्रायव्हरला फ्लाइट नंबर आधी पाठवा म्हणजे विमान लेट झालं तरी तो थांबतो, आणि त्याचा व्हॉट्सॲप नंबर घेतल्याशिवाय विमानात बसू नका. लहान मूल असेल तर कार सीट आहे का हे स्पष्ट विचारा, बऱ्याच टॅक्सींत नसते.

भाड्याची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या, बऱ्याच कंपन्या हॉटेलवर आणून देतात.

उबर असेलच की, असं धरून चालणं

पोर्टो रिकोत उबर आहे, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आहे. पण सगळ्याच बेटांवर नाही. जिथे नाही तिथे बीचवरून हॉटेलवर परत यायचं कसं हे जातानाच ठरवायचं, त्याच ड्रायव्हरला परतीची वेळ सांगून ठेवायची. तो आलाच नाही तर रस्त्यावर उभं राहून हात करत बसू नका, जवळच्या हॉटेलच्या किंवा रेस्टॉरंटच्या काउंटरवर जाऊन टॅक्सी बोलवायला सांगा, लोक आनंदाने फोन लावून देतात.

भाडं पक्कं न करता बसणं

सगळ्यात जास्त वाद इथे होतात आणि त्यात ड्रायव्हरची लबाडी असतेच असं नाही, अर्ध्या वेळा दोघं वेगवेगळ्या डॉलरबद्दल बोलत असतात. सेंट लुसिया, अँटिगा, ग्रेनेडा इथे ईस्ट कॅरिबियन डॉलर चालतो, १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला. बार्बाडोसचा डॉलर वेगळा, तो २ ला १. आता ड्रायव्हर म्हणाला ‘एटी डॉलर्स’, तर ते ईस्ट कॅरिबियन असतील तर जेमतेम ३० अमेरिकन डॉलर झाले आणि अमेरिकन असतील तर पूर्ण ८०. म्हणून दार उघडायच्या आधी चार गोष्टी विचारायच्या, कुठला डॉलर, गाडीचे की माणशी, एका बाजूचे की जाऊन-येऊन, आणि थांबायचे वेगळे का. मीटर बहुतेक बेटांवर नसतोच, सरकारने ठरवलेले दर असतात, त्याचा तक्ता एअरपोर्टवर किंवा ड्रायव्हरकडे असतो, तो दाखवा म्हटलं तर कोणी रागावत नाही.

सेंट थॉमसला (हे अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समधलं) दर माणशी असतात आणि टॅक्सी शेअरिंगची असते, बऱ्याचदा ट्रकच्या मागे बाकं टाकलेली उघडी ‘सफारी’. पाच जणांचं कुटुंब असेल तर रोज दोन फेऱ्यांचे माणशी पैसे जोडून बघा, तिथे भाड्याची गाडी चटकन स्वस्त पडायला लागते. दोघंच असाल आणि दिवसभर एकाच बीचवर पडून राहायचं असेल तर उलटं, गाडी नुसती उभी ठेवून भाडं कशाला भरायचं.

टॅक्सी खरी आहे का हे नंबर प्लेटवरून कळतं. बार्बाडोसला टॅक्सीची प्लेट झेडने सुरू होते, सेंट लुसियात टीएक्सने, जमैकात अधिकृत प्रवासी गाडीला लाल प्लेट असते. साधी प्लेट असलेला कोणी ‘चला सोडतो’ म्हणाला तर नको म्हणा, काही झालं तर इन्शुरन्स तुमच्या बाजूने उभा राहत नाही.

‘डावीकडून चालवता येतं आपल्याला’

बार्बाडोस, सेंट लुसिया, अँटिगा, ग्रेनेडा, जमैका इथे डावीकडून, आणि अरुबा, कुरासाओ, सेंट मार्टिन, पोर्टो रिको इथे उजवीकडून. पुण्या-मुंबईतून थेट गेलेल्याला डावी बाजू सोपी जाते हे खरं, पण दहा-बारा वर्षं न्यू जर्सीत गाडी चालवलेल्याने या भरवशावर राहू नये, सरळ रस्त्यावर सगळं ठीक चालतं आणि पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा रिकाम्या चौकात वळताना हात आपोआप उजवीकडे जातात.

सेंट थॉमसची गंमत अजून वेगळी, तिथे रस्त्याची डावी बाजू पण स्टिअरिंगही डावीकडेच, कारण गाड्या अमेरिकेतून आलेल्या. म्हणजे ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसतो आणि पुढच्या गाडीपलीकडचं त्याला दिसतच नाही. तिथे ओव्हरटेक विसरा. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणावर ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणत राहायचं, आणि खूण एवढीच धरायची की ड्रायव्हर फुटपाथच्या बाजूला बसलाय ना.

बार्बाडोसला इंडियावाल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. समोरच्याने हेडलाइट मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘थांब, मी येतोय’. तिथे अर्थ असतो ‘या, तुम्ही आधी जा’. आपण सवयीने ब्रेक मारून थांबतो, तो पण थांबलेला असतो, मागे रांग लागते. आणि उलटं जास्त धोक्याचं, तुम्ही आपल्या पद्धतीने लाइट मारलात तर समोरचा निर्धास्त वळेल. मोठ्या एबीसी हायवेवर राउंडअबाउट एकामागून एक येतात, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. भाड्याच्या गाडीची प्लेट तिथे एचने सुरू होते, त्यामुळे स्थानिक लोक ओळखतात आणि सांभाळून घेतात. माझ्या मते बार्बाडोसला दोन दिवस गाडी घ्यावीच, बेट ३४ किलोमीटर लांब, बाथशेबाचा तो खवळलेला पूर्व किनारा आणि उत्तरेचं टोक आपल्या वेळेने बघता येतं. सेंट लुसियात मात्र सूफ्रिएर गाव आणि पिटन्सच्या जुळ्या डोंगरांच्या बाजूला पहिल्यांदा जाताना ड्रायव्हर घ्या किंवा बोटीने जा, पश्चिम किनाऱ्याचा रस्ता वळणावळणाचा आहे आणि चालवणाऱ्याला बाजूचं काही बघताच येत नाही.

कागद आणि इन्शुरन्स

बऱ्याच बेटांवर तुमच्या लायसन्सवर एक तात्पुरतं लोकल परमिट लागतं, सहसा भाड्याने देणारी कंपनीच थोडे पैसे घेऊन करून देते, ते बिलात धरा. इंडियातून जाणाऱ्यांनी आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा, ते एक वर्ष चालतं, पण मूळ लायसन्स सोबत पाहिजेच.

क्रेडिट कार्डाचं कव्हर आहे म्हणून काउंटरवरचा इन्शुरन्स नाकारणारे खूप, आधी कार्डवाल्याला फोन करून बेटाचं नाव घेऊन विचारा, काही कार्डांच्या कव्हरमधून जमैका वगळलेलं असतं. टायर, काच आणि गाडीचं पोट हे बऱ्याच पॉलिसींत येत नाही, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. सेंट लुसिया, ग्रेनेडात रस्त्याच्या कडेला पावसाच्या पाण्याची खोल उघडी गटारं असतात, समोरून मिनीबस आली की आपण दबकून बाजूला घेतो आणि चाक आत. असं झालं तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक अजून रुतेल आणि खालचा भाग घासेल. सगळ्यांना उतरवा, फोटो काढा, कंपनीला फोन करा. दुसऱ्या गाडीला लागलं असेल तर पोलीस रिपोर्ट घेतल्याशिवाय निघू नका, त्याशिवाय क्लेम अडकतो. अरुबात कच्च्या रस्त्यावर साधी गाडी घातली तर इन्शुरन्स गेलाच समजा.

शुक्रवारची रात्र

सेंट लुसियातली ग्रोझ इलेची रस्त्यावरची पार्टी किंवा बार्बाडोसमधलं ऑइस्टिन्सचं तळलेल्या माशांचं मार्केट, दोन्ही शुक्रवारी, दोन्हीकडे पार्किंग मिळत नाही आणि हातात रम असते. गाडी हॉटेलवर ठेवा. बार्बाडोसला बसचं तिकीट एकच, साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठूनही कुठेही. मरून पट्ट्याच्या पांढऱ्या झेडआर व्हॅन गच्च भरतात आणि गाणी मोठ्याने लावतात, पण स्वस्त आणि पटापट मिळतात.

गाडी परत करताना

गाडी घेताना व्हिडिओ काढायचाच, आणि तसाच देतानाही काढा, चारही टायर, रिम, बंपरची खालची कड, पेट्रोलचा काटा. पंप पहाटे उघडा असेलच असं नाही, म्हणून सकाळची फ्लाइट असेल तर टाकी आदल्या संध्याकाळी भरा, किंवा सरळ गाडी आदल्या दिवशी परत देऊन एअरपोर्टला टॅक्सीने जा. कंपनीच्या माणसाला दाखवून सही घ्या, चावी नुसती खोक्यात टाकून निघू नका. डिपॉझिटचा होल्ड (कार्डावर अडवून ठेवलेली रक्कम) सुटायला कधीकधी दोन आठवडेही लागतात, तो सुटेपर्यंत ते व्हिडिओ डिलीट करू नका.