परदेशी चलनातला ड्राफ्ट: पैसे नेमके कुठे कापले जातात
शुल्कपत्रकात ड्राफ्टपुढे (म्हणजे बँकेने स्वतःच काढून दिलेल्या चेकपुढे) छापलेला आकडा हा बहुतेक वेळा खर्चातला सगळ्यात लहान तुकडा असतो. खरी कात्री लागते ती विनिमय दरात. त्यामुळे काउंटरवर "चार्ज किती?" असं विचारू नका. "एवढ्या डॉलरच्या ड्राफ्टला माझ्या खात्यातून एकूण किती वजा होतील?" असं विचारा आणि आकडा लिहून घ्या. फलकावरचा दर अनेकदा रोख नोटांचा असतो, तेव्हा ड्राफ्टचा दर वेगळा मागा.

समजा, बाजारात एका डॉलरला स्थानिक चलनातले ८० पडतात आणि बँकेचा विक्री दर ८१.५० आहे. हजार डॉलरच्या ड्राफ्टला १,५०० दरातच गेले. काढण्याचं शुल्क, त्यावरचा कर, कुरियर हे सगळं त्यानंतर. आणि आठवड्याने ड्राफ्ट रद्द केलात तर तेच डॉलर बँक खरेदी दराने परत घेते. तो ७८.५० असेल तर ३,००० बुडाले, रद्द करण्याचं शुल्क वेगळंच. समोरच्याला द्यायची रक्कम पक्की झाल्याशिवाय ड्राफ्ट काढायची घाई म्हणूनच नडते.

शुल्क टक्केवारीत असेल तर किमान आणि कमाल मर्यादा पाहा. ०.३ टक्के, किमान २०० असं असेल तर ५०,००० वर हिशेबाने १५० होतात, पण कापले जातात २००. तीच रक्कम पाच ड्राफ्टांत विभागली की थेट १,०००.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ड्राफ्ट कोणत्या देशातल्या बँकेवर काढणार? डॉलरचा ड्राफ्ट अमेरिकेतल्या, पौंडाचा ब्रिटनमधल्या बँकेवर काढलेला असेल तर तो तिथल्या नेहमीच्या क्लिअरिंगमधून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या चेक वटवण्याच्या व्यवस्थेतून जातो. डॉलरचा ड्राफ्ट तिसऱ्याच देशातल्या बँकेवर असेल तर तो वसुलीला पाठवावा लागतो. त्यात आठवडे जातात, मधली बँक आपलं कमिशन कापते आणि घेणाऱ्याच्या हाती रक्कम कमी पडते. विद्यापीठाच्या फीमध्ये पंधरा डॉलर कमी भरले तरी फी "अपूर्ण"च धरली जाऊ शकते.

ड्राफ्ट घेतला जाईल का, हेही समोरच्याला आधी विचारा. न्यूझीलंडमधल्या मोठ्या बँकांनी २०२१ पर्यंत चेकचा व्यवहारच बंद केला. अशा ठिकाणी थेट वायर, म्हणजे खात्यातून खात्यात रक्कम पाठवलेली बरी.

अर्जावर नाव घेणाऱ्याच्या खात्यावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहा. संस्थेचं संक्षिप्त नाव टाकलं की ड्राफ्ट परत येण्याची शक्यता असते. येनमध्ये दशांश नसतात, त्यामुळे पूर्णांकच भरा. ड्राफ्ट हातात आला की तिथेच उभं राहून नाव, अक्षरी रक्कम, अंकी रक्कम, तारीख आणि सह्या तपासा. बाहेर पडल्यावर कळलेली चूक दुरुस्त करायला पुन्हा अर्ज आणि बहुधा पुन्हा शुल्क. शेवटी एक फोटो काढून ठेवा. हरवल्यास ड्राफ्टचा क्रमांक लागतोच.

हरवलेल्या ड्राफ्टला साध्या चेकसारखं "स्टॉप पेमेंट" (पैसे देऊ नका अशी बँकेला सूचना) करून भागत नाही. ज्याच्यावर तो काढलाय त्या बँकेकडे तो वटला नाही ना, याची खात्री केली जाते आणि तुमच्याकडून नुकसानभरपाईचं हमीपत्र घेतात. मगच दुसरी प्रत मिळते. मुदतही देशागणिक वेगळी. भारतात १ एप्रिल २०१२ पासून चेक आणि ड्राफ्ट ३ महिन्यांपुरतेच चालतात, तर अमेरिकेत ६ महिन्यांहून जुना साधा चेक वटवायचं बंधन बँकेवर नाही.

साध्या चेकबुकाचं गणित सोपं आहे: ठरावीक पानं फुकट, पुढे पानामागे शुल्क. चेकबुकच हरवलं तर मात्र एकेका चेकऐवजी पहिल्या ते शेवटच्या क्रमांकापर्यंत एकाच अर्जात स्टॉप पेमेंट मागा. बऱ्याच बँका सलग क्रमांकांना एकच शुल्क लावतात.