ड्युशेनच्या मुलाची हालचाल मोजताना

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू दुबळे करत जाणारा आनुवंशिक आजार असलेला मुलगा जोवर स्वतःच्या पायांनी चालतो, तोवर त्याची हालचाल मोजण्यासाठी ‘नॉर्थ स्टार’ ही चाचणी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत १७ कृती असून प्रत्येकीला जास्तीत जास्त २, म्हणजे एकूण ३४ गुण असतात. कृती नेहमीच्या पद्धतीने झाली तर २, कोणाच्या मदतीशिवाय पण वाकडी वाट काढून झाली तर १ आणि जमलीच नाही तर ० गुण द्यावेत. म्हणूनच मुलाने कृती केली का, यापेक्षा ती कशी केली, याकडे डोळे हवेत.

साहित्य मोजकेच लागते: १० मीटरची न घसरणारी मोकळी वाट, स्टॉपवॉच, चटई, १५ सेंटिमीटर उंचीची भक्कम पायरी आणि पाय जमिनीला टेकून गुडघे काटकोनात राहतील अशी खुर्ची. बूट व स्प्लिंट (पायाला बांधलेले आधार) आधी काढून ठेवावेत. तोल गेल्यास सावरता येईल इतके जवळ उभे राहावे, पण हात लावू नये.

सर्वांत जास्त माहिती देते ती जमिनीवरून उठण्याची कृती. मुलाला उताणे, पाय सरळ आणि हात अंगालगत ठेवून झोपवावे, “ऊठ” म्हणताच घड्याळ सुरू करावे आणि तो ताठ उभा राहिला की थांबवावे. तो आधी पालथा होतो का, गुडघ्यावर आणि मग मांडीवर तळहात रोवून स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा वर येतो का, हे बाजूने पाहावे. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत दिसली तर १ गुण. खुर्चीचा आधार घ्यावाच लागला तर ०. हाताचा मांडीला झालेला ओझरता स्पर्शही गॉवर्स यांच्या पद्धतीतच, म्हणजे १ गुणातच, मोडतो आणि समोरून पाहणाऱ्याच्या नजरेतून तो नेमका निसटतो.

एका पायावर उडी मारायला सांगताना ‘लंगडी घाल’ म्हटले की पुष्कळ मुलांना लगेच कळते. तरी एकदा करून दाखवावेच. टाच उचलली पण चवडा जमिनीवरच राहिला, तर १ गुण. धावण्याच्या वेळी आईला शेवटच्या रेषेवर नव्हे, तर तिच्या दोन-तीन मीटर पलीकडे उभे करावे, कारण मूल आईजवळ पोहोचता पोहोचता वेग कमी करते आणि सेकंद उगाच वाढतात. दोन्ही पाय क्षणभर तरी एकदम जमिनीपासून सुटले तरच ते धावणे मानावे.

दर खेपेला शक्यतो तोच तपासनीस, तीच जागा आणि दिवसाची तीच वेळ असावी. स्टिरॉइडच्या मात्रेत बदल झाला असल्यास तो नोंदवावा. साधारण सात वर्षांपर्यंत वाढीच्या जोरावर गुण वाढूही शकतात, तेव्हा त्या वयातल्या चढत्या आकड्यावरून आजार थांबला असे पालकांना सांगू नये.

“घरी तर तो पलंग धरूनच उठतो हो,” असे आई म्हणाली, तर ते वाक्य शेऱ्याच्या रकान्यात जसेच्या तसे लिहावे. गुण मात्र आज चटईवर जे दिसले त्याचेच द्यावेत.