फळांच्या स्थिरचित्रात अर्थ आणि भाव कसा आणावा

फळं मांडण्याआधी भाव ठरवा. युरोपीय परंपरेत सफरचंद म्हणजे आदम-ईव्हचं पाप, द्राक्षं म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, डाळिंब म्हणजे पुनरुत्थान, असे संकेत रूढ होते. ते ठाऊक नसलेल्यालाही चित्र भिडतं, ते फळाची अवस्था आणि उजेड यांमुळे. डाळिंब अखंड आहे, उकललंय की दाणे सांडलेत, यावर भाव पालटतो.

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोची ‘फळांची परडी’ (१६व्या शतकाची अखेर, मिलान) बारकाईनं बघा. सफरचंदाला कीड लागलेली, पानं सुकत चाललेली, परडी कडेबाहेर किंचित आलेली. पार्श्वभूमी उजळ आहे, तरी चित्र अस्वस्थ करतं. उदास भावासाठी सगळं काळोखात बुडवायलाच हवं असं नाही. मात्र डागी फळ एकच ठेवा, तेही उजेडात. सगळीच सडकी ठेवली तर नजर कुठेच ठरत नाही.

दिवा एकच, डावीकडून, फळांपासून साधारण ३ फुटांवर. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. नाहीतर दुहेरी पडछाया पडून गोलाई मोडते. दिवा खाली आणला की पडछाया लांबते आणि एकटेपणा येतो. त्यासाठी फळं दोन-तीनच घ्या, वरची जागा मोकळी सोडा. प्रसन्न चित्राला खिडकीचा मऊ उजेड आणि फळांची दाटी शोभते.

बहुतेक चित्रं बिघडतात ती सावलीत. पिवळ्यात काळा मिसळला की लिंबू हिरवट, आजारी दिसतं. त्याऐवजी यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्या रंगात) थोडा जांभळा घाला. द्राक्षं पुसू नका, त्यांच्यावरची भुरकट साय हाच त्यांचा ताजेपणा. आधी गडद थर द्या, तो सुकल्यावर कोरड्या ब्रशनं निळसर करडा रंग अगदी विरळ फिरवा. पांढरा ठिपका फक्त साय पुसली गेलेल्या जागी द्या. प्रत्येक मण्यावर दिलात तर द्राक्षं काचेची वाटतात.

कापलेलं सफरचंद काही मिनिटांत तपकिरी पडतं, म्हणून ते सर्वांत आधी रंगवा. मग अर्धवट सोललेलं लिंबू. १७व्या शतकातल्या डच चित्रांत ते वारंवार येतं; दिसायला देखणं, चवीला आंबट, म्हणून फसव्या सुखाचं प्रतीक मानलं जातं. त्याची साल सुकून आकसते, तेव्हा वळसा पहिल्याच बैठकीत पक्का करा. नंतर पानं. अखंड फळं शेवटी घेतली तरी चालतात.