डोळे तपासायला जाण्याआधी

नंबर चुकण्याची बरीच कारणं तपासणीच्या आदल्या दिवशीच घडलेली असतात. म्हणून तयारी तिथूनच सुरू करावी. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर किमान २४ तास आधी काढून ठेवा आणि चष्मा लावा. लेन्सच्या दाबानं बुबुळाचा आकार किंचित बदलतो आणि सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा, नंबर फसवा येतो. कडक लेन्सला याहून जास्त दिवस लागतात, ते वेळ घेतानाच विचारून घ्या. लेन्सचं खोकं बरोबर असू द्या, कारण त्यावर पॉवरशिवाय बेस कर्व्ह (लेन्सची आतली गोलाई) आणि व्यासही छापलेला असतो. काजळ, आयलायनर त्या दिवशी नकोच.

मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट, शक्यतो एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), पिशवीत टाका. साखर खूप वाढली की डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगात पाणी शिरतं आणि नंबर सरकतो, बहुधा मायनसकडे. अशा आठवड्यात बनवलेला चष्मा साखर आटोक्यात आली की निरुपयोगी ठरतो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावर नंबर काढावा, डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी मात्र लांबवू नये.

जुने सगळे चष्मे न्या, मोडका असला तरी. लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, त्याचा नंबर लगेच कळतो. चालू औषधांची यादी लिहून न्या. स्टेरॉइड, क्षयरोगावरचं इथॅम्ब्युटॉल, संधिवातासाठीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही नावं तपासणाऱ्याला कळलीच पाहिजेत. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर न विचारता सांगा, कारण तो बहुतेकदा दुखत नाही आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते.

चाळिशी उलटलेल्यांनी घरी टेप घ्यावी आणि नेहमीच्या बसण्यात डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर मोजावं. हातातलं पुस्तक साधारण ३५ ते ४० सेंटीमीटरवर असतं, संगणक ५० ते ७० वर, चौरंगावरची पोथी वेगळ्याच अंतरावर. जवळचा नंबर याच आकड्यावर ठरतो. ‘वाचायला दिसत नाही’ एवढंच सांगितलं तर पुस्तकाचा चष्मा मिळतो आणि स्क्रीनसाठी मान वर-खाली करत बसावं लागतं.

बाहुली मोठी करणारे थेंब घालतील, असं धरूनच निघा. असर यायला २० ते ३० मिनिटं लागतात, पुढे चार-सहा तास उजेड खुपतो आणि जवळचं धूसर दिसतं. दुचाकी घरी ठेवा, सोबत कुणीतरी न्या, गॉगल घ्या. पूर्वी अशा थेंबांनंतर डोळा दुखून लाल झाला असेल तर घालण्याआधी सांगा.

लहान मुलांचे डोळे तपासताना आतले स्नायू ताणून नंबर लपवतात. म्हणून कधी कधी तीन दिवस आधीपासून घरी लावायला अ‍ॅट्रोपिनचं मलम दिलं जातं. चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच, तांदळाच्या दाण्याएवढं लावा आणि हात लगेच धुवा. चेहरा लाल झाला, ताप आला किंवा मूल फार चिडचिड करू लागलं तर मलम थांबवून फोन करा. असर आठ-दहा दिवसही टिकतो, तेव्हा परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी ठेवू नका. शाळेला चिठ्ठी द्या.

अचानक नजर जाणं, वीज चमकल्यासारखं दिसणं, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव, डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखं वाटणं यांसाठी चष्म्याच्या दुकानातली वेळ घेऊ नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. चुन्याची पुडी फुटून डोळ्यात चुना उडाला तर आधी नळाखाली निदान अर्धा तास स्वच्छ पाण्यानं धुवा, कण काढा, मग दवाखाना.

तपासणी झाल्यावर तिथून निघण्याआधी कागदावर स्फिअर (मुख्य प्लस-मायनस नंबर), सिलिंडर, अ‍ॅक्सिस (सिलिंडरचा कोन), जवळचं अ‍ॅडिशन (वाचण्यासाठीचा वाढीव नंबर) आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, लिहून घ्या. पीडी पुष्कळदा लिहायचा राहतो. ट्रायल फ्रेम (नंबरच्या काचा बसवायची तात्पुरती फ्रेम) लावून दोन मिनिटं चाला, जिन्याकडे बघा. सिलिंडर बदलला असेल तर जमीन तिरकी वाटते, ते आठवड्याभरात सरावतं. त्यानंतरही डोकं दुखत असेल तर चष्मा आणि कागद दोन्ही घेऊन परत जा आणि लेन्सोमीटरवर ताडून मागा.