थंडी पडायच्या आत : सेल्फ न उचलणाऱ्या गाडीच्या तपासणीची तयारी

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून ‘कर्र… कर्र… टक्’ ऐकू यायला लागतं आणि दुपारपर्यंत नाशिकच्या द्वारका किंवा अंबड लिंक रोडच्या दुकानातून नवी बॅटरी येते. पुष्कळदा दोष बॅटरीचाच असतो, पण नवी बॅटरी टाकून पंधरा दिवसांत पुन्हा तोच ‘टक्’, असंही होतं. बॅटरीची झीज खरं तर एप्रिल-मेच्या उन्हात झालेली असते, थंडीत ती फक्त उघडी पडते. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि सेल्फवर, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरवर, जोर वाढतो. म्हणून ही तपासणी दिवाळीनंतर लगेच, सवडीने करावी.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, त्याला २० व्होल्ट डीसी आणि १० अँपिअर अशा दोन रेंज असाव्यात. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प. टर्मिनलसाठी बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, गरम पाणी, व्हॅसलीन, हातमोजे, चष्मा. गाडीतल्या रेटिंगचे दोन-चार जादा फ्यूज. जंपर केबल घ्यायची तर जाड तांब्याची. रस्त्यावर मिळणारी बारीक केबल वरून जाड दिसते, आत तार शेवयांएवढी असते आणि ऐन वेळी नुसती तापते. शिवाय चावी फिरवायला एक माणूस हवाच. हातातली अंगठी, कडं, बांगडी काढून ठेवा. पाना प्लसवर असताना अंगठी बॉडीला टेकली तर बोट भाजतं.

मोजमाप आदल्या रात्रीपासून सुरू होतं. गाडी चालवून आणल्यावर लगेच घेतलेलं रीडिंग खोटं वाढीव असतं. रात्रभर उभी ठेवून सकाळी, काही चालू करण्याआधी, बॅटरीवर मीटर लावा. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.२ किंवा त्याखाली असेल तर आधी चार्जरवर लावा. अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर पुढची कुठलीच चाचणी विश्वासाची नाही. पाणी भरायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही खाने तपासा. पाच खाने १.२५० च्या आसपास आणि एकच १.२०० च्या खाली, असं असेल तर तो सेल गेला. त्या बॅटरीवर आणखी खर्च करू नका.

आता हेडलाइट लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, क्लच पूर्ण दाबलेला, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. तुम्ही दिव्यांकडे बघा. दिवे एकदम मंद झाले आणि टक-टक-टक सलग आवाज आला, तर बॅटरी कमी किंवा वाटेत अडथळा. दिवे पार विझले, तर टर्मिनल ढिलं. दिवे जसेच्या तसे आणि एकच जोरात ‘टक्’, तर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळालेत किंवा सेल्फचे कार्बन (आत फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेत. अशा वेळी सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर तो फिरला, तर कार्बनचीच शक्यता जास्त. दिवे तेच आणि आवाज शून्य, तर हुकूमच पोचत नाही : क्लच पेडलखालचा स्विच, रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच), फ्यूज किंवा चावीचा स्विच. रिलेसाठी सोपी युक्ती म्हणजे त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघणे. इमोबिलायझरचा (चावी ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी. बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल उतरलेला असतो. बऱ्याच गाड्यांत चावीच बटणाला टेकवून चालते. डिझेल गाडीत इंजिन आतून तापवणाऱ्या हीटरचा डॅशबोर्डवरचा दिवा विझायची वाट बघा, घाई तिथेच नडते.

यानंतर येतो तो भाग, जो बहुतेक जण गाळतात. सेल्फ १५० अँपिअर ओढत असताना वाटेत एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच जातो. मीटरच्या ओहमच्या रेंजवर एवढा अडथळा दिसत नाही, आणि टेस्ट लॅम्पही छान पेटतो, कारण त्याला अर्धा अँपिअरसुद्धा पुरतो. म्हणून सेल्फ फिरत असतानाच मोजायचं. पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढला की इंजिन चालू न होता फिरत राहतं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

पहिलं रीडिंग बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर : ९.६ च्या खाली जाऊ नये. दुसरं, मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर : अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी हवं. तिसरं, एक पिन मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर : ०.२ पर्यंत ठीक. पिन खुंटीच्या शिशावर टेकवा, तिच्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नको. नाहीतर क्लॅम्पखालचा गंज हिशोबातून सुटतो. तिसरं रीडिंग जास्त आलं तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली चपटी विणलेली अर्थची पट्टी शोधा. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात चार महिने फिरणाऱ्या गाडीत तिच्या बोल्टखाली हिरवट पांढरी भुकटी हमखास सापडते. वरून पट्टी धड दिसते, बोल्ट सोडला की खालचा पत्रा गंजलेला. बॅटरीचा मायनस आधी काढा, मग बोल्ट. जागा पत्रा चमकेपर्यंत घासा, आवळा, वर व्हॅसलीन. टर्मिनलवरची भुकटी सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, पण पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. जोडताना मायनस शेवटी. काढलेला फ्यूज परत बसवायला विसरू नका.

गाडी चालू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. नव्या काही गाड्या चार्जिंग स्वतः कमी-जास्त करतात, तिथे हेडलाइट आणि एसी लावून बघा. १३ च्या वर जातच नसेल तर आधी बेल्ट, मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासा.

सगळं ठीक आणि तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी बसते, तर काहीतरी चोरून करंट खातंय. मायनस काढून केबल आणि खुंटी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा. या जोडणीत सेल्फ मारला की मीटरचा फ्यूज उडालाच. दार उघडंच ठेवा, पण त्याचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. बॉनेटला स्विच असेल तर तोही दाबून ठेवा. अर्धा तास थांबल्यावर आकडा ०.०५ अँपिअरच्या खाली यावा. येत नसेल तर एकेक फ्यूज काढत चला आणि आकडा कुठे पडतो ते बघा. बाहेरून बसवलेला डॅश कॅमेरा, जीपीएस, म्युझिक सिस्टीम यांपासून सुरुवात करा. द्राक्षबागेत किंवा कांद्याच्या चाळीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र फ्यूजच्या आधी टॉर्च घेऊन वायरिंग बघा, उंदरांनी सोललेली तार तिथे सापडेल.