रोवणीतल्या चिखल्या दरवर्षी परत येत होत्या, त्या अशा गेल्या

धानाच्या रोवणीत पायाच्या चौथ्या-पाचव्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओली, फाटलेली. रात्री खाज आणि आग. हळद-खोबरेलाने ओल तशीच राहिली. स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबने खाज थांबायची, पण चिखल्यांमागची बुरशी पसरायची. दोन पावसाळे यातच गेले.

लागू पडलं ते असं. बांधीतून आल्यावर साबणाने पाय धुवायचे, सुती फडक्याने प्रत्येक बेचकं कोरडं टिपायचं, १० मिनिटं उघडं ठेवायचं. मग बुरशीवरची साधी क्लोट्रिमॅझोल १ टक्का क्रीम, पातळ थर, दिवसातून २ वेळा, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवरही. खाज लवकर थांबते आणि तिथेच लोक क्रीम सोडतात, म्हणून चिखल्या परततात. पूर्ण ४ आठवडे लावायची. फडकं स्वतःचं वेगळं. ऊन नसेल तर चुलीजवळ वाळवायचं. मधुमेह असेल किंवा पाय लाल होऊन सुजला, तर थेट दवाखान्यात.